सहलीचा हिशोब: घरच्यांसोबत एक दिवस वेरूळला



आपल्या अंकात बचतीवर, अंतर्गत कर्जावर, शेळीपालनावर, परसबागेवर पाठ येतात. या वेळचा पाठ सुट्टीवर आहे. सुट्टीवर कसला पाठ, असं वाटेल. पण विचार करा, मागच्या वर्षभरात तुम्ही घरातल्या सगळ्यांना घेऊन, लग्न नाही, दहावं-तेरावं नाही, दवाखाना नाही, नुसतं हिंडायला म्हणून कधी बाहेर पडलात? आणि पडला असाल तर त्या दिवशी तुम्ही स्वतः किती वेळ निवांत बसलात?

बऱ्याच घरांत सहल दोन प्रकारची होते. एक, अचानक ठरते. लेकरं हट्ट धरतात, मालक म्हणतात चला, जीप ठरते, आणि रात्री घरी आल्यावर कळतं की खताच्या पैशातले दोन-अडीच हजार गेले. दुसरी, कधी होतच नाही. "पुढच्या वर्षी बघू" म्हणता म्हणता पोरगी बारावी होते आणि सासरी जाते. दोन्हींचं कारण एकच: सहलीचं नियोजन कुणी केलेलं नसतं. आपण गटात शंभर रुपयांचा हिशोब वहीत लिहितो. मग सहलीचा का नाही लिहायचा?

या पाठात आपण एक दिवसाची सहल पायरी पायरीने आखू. उदाहरण म्हणून आपल्या जिल्ह्यातलंच वेरूळ घेऊ. पाळण्याची बाग, वॉटर पार्क किंवा यात्रेतले पाळणे यांचाही विचार करू, कारण लेकरांचं मन तिथंच असतं.

पायरी 1: कुणाला काय हवं, ते विचारा

रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "दिवसभर बाहेर गेलो तर तुला कोणती एक गोष्ट व्हायलाच पाहिजे?" एकच गोष्ट, यादी नाही. लेकरू म्हणेल पाळण्यात बसायचं. मोठी मुलगी म्हणेल शाळेच्या पुस्तकातलं कैलास लेणं बघायचं. सासूबाई म्हणतील घृष्णेश्वराचं दर्शन. मालक म्हणतील वेळेत घरी यायचं, दूध काढायचं आहे.

आता पाचवा माणूस राहिला, तो म्हणजे तुम्ही. बहुतेक बायका इथं म्हणतात, "माझं काय, तुम्ही खुश तर मी खुश." हे उत्तर या पाठात चालणार नाही. तुमचीही एक गोष्ट लिहा. झाडाखाली तासभर बसायचं, असं असलं तरी लिहा. पाळण्यात बसायचं असलं तर तेही लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जे लिहिलेलं नसतं ते त्या दिवशी होत नाही.

पायरी 2: दिवस ठरवा

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. (अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. दोन्हींत गल्लत करू नका. लांबून येऊन फाटकावरून परत जाणारी कुटुंबं दर आठवड्याला दिसतात.) सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराला मोठी गर्दी असते. रविवारी लेण्यांवर गर्दी असते. म्हणून लेणी आणि दर्शन दोन्ही करायचं असेल तर बुधवार ते शनिवार बरा.

पण आपल्याला आणखी एक कॅलेंडर बघावं लागतं, शेताचं. कापूस वेचणीच्या हंगामात एक दिवस घरी बसलं तर दोघांची मजुरी बुडते. ती सहलीच्या खर्चातच धरली पाहिजे, जरी खिशातून गेलेली दिसत नसली तरी. जूनमध्ये पेरणीची धांदल. मे महिन्यात काळ्या दगडावर दुपारी पाय भाजतात, लेकरांना ऊन बाधतं. ऑगस्ट-सप्टेंबरात डोंगर हिरवागार असतो, 29 नंबरच्या लेण्याजवळ सीतेची न्हाणी म्हणतात तिथं धबधबा पडतो, पण पायऱ्या शेवाळून निसरड्या होतात. वेचणी आवरल्यावर, संक्रांतीच्या सुमारास, हवा थंड आणि हात थोडे मोकळे असतात. शाळेला सुट्टी असेल असा दिवस बघा, आणि आपल्या गावचा बाजार आणि गटाची बैठक त्या दिवशी नाही ना, तेही बघा.

पायरी 3: खर्च आधी कागदावर

आता मुख्य भाग. समजा, कन्नड तालुक्यातल्या एका गावातलं कुटुंब आहे. ताई, मालक, 68 वर्षांच्या सासूबाई, 13 वर्षांची मुलगी, 7 वर्षांचा मुलगा. एकूण पाच माणसं.

पहिला खर्च प्रवासाचा. 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांत महिलांना अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, आणि 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. 5 ते 12 वर्षांच्या लेकरांना अर्धं, 5 वर्षांखालच्यांना तिकीट नाही. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवायचं.

समजा पूर्ण तिकीट 70 रुपये आहे. (तुमच्या गावापासूनचा खरा दर कंडक्टरला किंवा आगारात विचारून लिहा.) मग:

मालक: 70
ताई: 35
सासूबाई: 35
मुलगी: 35
मुलगा: 35
जाताना एकूण 210, जाऊन-येऊन 420 रुपये.

सवलत नसती तर याच कुटुंबाला 630 रुपये लागले असते. जीप केली तर तिचं भाडं दोन हजारांच्या घरात सहज जातं. जीप दाराशी येते हे खरं, पण ती दाराशी येण्याची किंमत दीड हजार आहे, हे समजून मग ठरवा. दोन-तीन घरं मिळून जीप केली तर गणित बदलतं. गटातल्या चाळीसएक माणसांना जायचं असेल तर एसटीची अख्खी गाडी ठरवून मिळते, तिला प्रासंगिक करार म्हणतात. तिचा दर वेगळा असतो, तो आगारात विचारायचा.

दुसरा खर्च लेण्यांच्या तिकिटाचा. भारतीयांना खिडकीवर माणशी 40 रुपये, मोबाईलवरून आधी काढलं तर 35. पंधरा वर्षांखालच्या लेकरांना तिकीट नाही. म्हणजे आपल्या कुटुंबाला तीनच तिकिटं, 120 रुपये. मुलगी अंगाने थोराड असेल तर तिचं आधार कार्ड किंवा शाळेचं ओळखपत्र सोबत घ्या. दर बदलत असतात, निघायच्या आधी एकदा खात्री करा. 8 मार्चला, जागतिक महिला दिनी, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत महिलांना मोफत प्रवेश जाहीर होण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत पडली आहे. महिला दिनाला हार-तुऱ्यांऐवजी गटाची सहल काढायची असेल तर त्या वर्षीची घोषणा झाली आहे का, ते बघून ठरवता येईल.

आता पूर्ण अंदाज लिहू:

एसटी, जाऊन-येऊन: 420
लेण्यांचं तिकीट: 120
घरून नेण्याच्या जेवणाचं सामान: 250
चहा, दोन वेळा: 60
एकदा बाहेरचं खाणं (रस, भेळ किंवा आइस्क्रीम): 150
दोन लेकरांचे पाळणे, प्रत्येकी दोन वेळा, 50 रुपयांप्रमाणे: 200
सासूबाईंसाठी रिक्षा: 100
देवाला फूल-प्रसाद: 50
लेकरांना एकेक वस्तू: 100
बेरीज: 1450
अडीअडचणीला बाजूला: 300
एकूण: 1750 रुपये.

बुडणारी मजुरी असेल तर ती याच्या खाली वेगळी लिहा. यात तुमच्या घरचे आकडे टाका. आकडा कमी-जास्त होईल, पण ओळी याच राहतील. शेवटची, 300 रुपयांची ओळ खोडू नका. चप्पल तुटते, पोट बिघडते, शेवटची गाडी चुकते. ते 300 रुपये खर्च झाले नाहीत तर ते सहलीचे उरलेले पैसे नाहीत, पुढच्या सहलीची पहिली बचत आहे.

पायरी 4: पैसा कुठून? कर्जातून नको

1750 रुपये एकदम निघत नाहीत. दर आठवड्याला 70 रुपये काढले तर 25 आठवड्यांत 1750 होतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर 25वी बचत संक्रांतीच्या सुमारास पडते. 70 जमत नसतील तर 35 टाका आणि सहल वर्षाने करा. किंवा यादीतलं काही कमी करा. सहल मोठी असलीच पाहिजे असं नाही, ती झाली पाहिजे.

काही जणी म्हणतील, गटातून दोन हजार उचलू, दहा महिन्यांत फेडू. हिशोब करून बघा. महिना दोन टक्के व्याजाने 2000 रुपये घेतले आणि दर महिन्याला मुद्दलाचे 200 रुपये फेडले, तर दहा महिन्यांत व्याज 220 रुपये होतं. ही रक्कम फार मोठी नाही. खरं नुकसान वेगळं आहे. गटाचा तो पैसा शेळीला, बियाण्याला, बाळंतपणाला लागणारा असतो. शेळीसाठी घेतलेलं कर्ज शेळी फेडते. सहलीचं कर्ज फेडायला सहल परत येत नाही, ते तुमच्या मजुरीतूनच जातं. आणि त्या दहा महिन्यांत घरात आजारपण आलं तर दुसरं कर्ज मागायला तोंड राहत नाही.

म्हणून नियम सोपा ठेवा: सहल बचतीतून, कर्ज गरजेतून किंवा धंद्यातून.

हे पैसे ठेवायचे कुठे? घरातल्या डब्यात ठेवले तर गॅस संपला की डबा उघडतो. गटाच्या नियमित बचतीत मिसळले तर ते कर्जात वाटले जातात आणि ऐनवेळी मिळत नाहीत. गटाने ठराव करून "सहल निधी" अशी वेगळी वही ठेवली, तो पैसा कर्जाला द्यायचा नाही असं लिहिलं, तर सोय होते. ठराव रजिस्टरमध्ये घ्या, प्रत्येकीच्या पासबुकात वेगळी नोंद करा. ज्या ताईला जमत नाही तिच्यावर सक्ती नको. सहल निधी भरला नाही म्हणून कुणाला दंड लावायचा नाही.

पायरी 5: पार्कचं तिकीट वाचायला शिका

लेकरांनी मोबाईलवर घसरगुंड्यांचे व्हिडिओ बघितलेले असतात. त्यांना वॉटर पार्कला किंवा मनोरंजन उद्यानालाच जायचं असेल तर ते चूक नाही. फक्त तिकिटामागचा हिशोब आधी समजून घ्या.

अशा ठिकाणी पैसे घेण्याच्या दोन पद्धती असतात. एकीत प्रवेश स्वस्त, पण प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे. दुसरीत प्रवेशाचं एकच मोठं तिकीट, आत हवं तेवढं खेळा. पहिल्या ठिकाणी दोन तास थांबणाऱ्याचा फायदा होतो, दुसऱ्या ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत थांबणाऱ्याचा. दुपारी तीनला पोहोचून मोठं तिकीट काढणं म्हणजे निम्मे पैसे फाटकावर ठेवणं.

फोन करून हे प्रश्न विचारा:

तिकिटात काय काय येतं?
लेकरांचं तिकीट वयावर आहे की उंचीवर?
घरचं जेवण आत नेऊ देतात का?
पाण्यात उतरायला वेगळे कपडे लागतात का, त्यांचं भाडं किती?
सामान ठेवायच्या कपाटाचं भाडं किती, आणि अनामत परत मिळते का?
शनिवार-रविवारचा आणि मधल्या वाराचा दर वेगळा आहे का?
पाण्यात न उतरणाऱ्या माणसाला तिकीट कमी आहे का?

शेवटचा प्रश्न आपल्यासाठी आहे. साडीवर पाण्यात उतरू देत नाहीत, बाईला भाड्याचे कपडे घालायला संकोच वाटतो, आणि मग ती पूर्ण तिकीट भरून दिवसभर सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत बसते. जायचंच असेल तर घरून पंजाबी ड्रेस किंवा नायलॉनचे कपडे चालतात का विचारा, आणि पाण्यात उतरा. पिशव्या पाळीपाळीने सांभाळायच्या, हे घरूनच ठरवून निघा.

उदाहरण करू. समजा माणशी तिकीट 400. पाच जणांचे 2000. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणून आतलं जेवण माणशी 120 प्रमाणे 600. कपड्यांचं भाडं माणशी 50 प्रमाणे 250. झाले 2850, प्रवास वेगळा. आपली वेरूळची अख्खी सहल 1450 मध्ये बसली होती. दोन्ही करता येतात, पण एकाच वर्षात नाही. हे लेकरांना आकडे दाखवून सांगा. सातवीतल्या मुलीलाच बेरीज करायला बसवा. "पैसे नाहीत" म्हटलं की लेकरू रुसतं. हिशोब तिच्या हातात दिला की तीच सांगते, "आई, यंदा लेणी बघू, पुढच्या वर्षी पाणी."

पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडून येणाऱ्या कुटुंबांना गाडी बदलायला छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर यावंच लागतं. तिथून वेरूळ साधारण 30 किलोमीटर आहे. बसस्थानकाजवळच महापालिकेचं सिद्धार्थ उद्यान आहे. ते उघडं असेल तर परतीच्या गाडीआधी लेकरांना तासभर बागेत सोडता येतं.

पायरी 6: पाळण्यात बसवण्याआधी दोन मिनिटं

यात्रेत, उरुसात, छोट्या बागेत पाळणे असतात. हौस जरूर करा, पण आधी दोन मिनिटं उभं राहून बघा.

पाळणा चालवणारा माणूस जागेवर आहे का, की यंत्र चालू ठेवून तिकिटं फाडतो आहे? बसण्याच्या जागेला कडी किंवा पट्टा आहे का, आणि तो खरंच अडकतो का? हात लावून बघा. पाळणा फिरताना खडखड आवाज येतो का, एका बाजूला झुकतो का? दोघांच्या जागेत चौघं बसवतात का? उघड्या वायरी ओल्या जमिनीवरून गेल्यात का? यातलं एक जरी दिसलं तर लेकरू रडलं तरी चालेल, बसवू नका.

मुलींच्या ओढण्या, आपले पदर आणि मोकळे केस हा मोठा धोका आहे. फिरत्या यंत्रात कापड अडकलं तर थांबवायला वेळ मिळत नाही. पदर खोचा, ओढणी कमरेला बांधा किंवा खाली ठेवा, वेणीचा अंबाडा घाला. मोबाईल काढून फोटो घ्यायचा तर तो खाली उभ्या असलेल्या माणसाने घ्यावा.

हे भीती घालायला सांगत नाही. 2019 च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात मोठा पाळणा तुटून माणसं दगावली. 25 मे 2024 ला राजकोटच्या एका बंदिस्त गेम झोनला आग लागली, त्यात 27 जण गेले, त्यांत लेकरं होती. सुट्टीचा दिवस होता, कुटुंबं मजेत आली होती. म्हणून पत्र्याच्या किंवा बंद जागेत शिरताना एक सवय लावून घ्या: आत आलो ते दार सोडून बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे, ते बघायचं. दुसरं दारच नसेल तर आत जाऊ नका.

पायरी 7: वेरूळला काय बघायचं, किती बघायचं

वेरूळला एकूण 34 लेणी आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. 1983 साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. सगळी लेणी साधारण दोन किलोमीटरच्या डोंगरकड्यात पसरलेली आहेत. लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन एका दिवसात सगळी बघायचा हट्ट करू नका. तीन-चार नीट बघा.

सकाळी उन्हाआधी 16 नंबर, म्हणजे कैलास. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते कोरलं गेलं. लेकरांना एवढं एकच सांगा: घर आपण खालून वर बांधतो, हे देऊळ वरून खाली कोरत आणलं आहे. दगडावर दगड ठेवलेला नाही, डोंगरातून नको तो दगड काढून टाकला आणि देऊळ उरलं. एक घाव चुकला तर तो बुजवायला दुसरा दगड नव्हता. देवळाच्या पायथ्याशी हत्तींची रांग आहे. धाकट्याला ते मोजायला लावा, अर्धा तास तो कुठे पळणार नाही.

बाहेरच्या भिंतींवर रामायण आणि महाभारतातले प्रसंग कोरले आहेत. इथं सासूबाईंना पुढे करा. कीर्तनात ऐकलेलं सगळं त्यांना तोंडपाठ असतं. ज्यांना पाटी वाचता येत नाही त्या इथं दगड वाचून दाखवतात आणि नातवंडं ऐकतात. रावण कैलास पर्वत हलवतो आहे, ते शिल्प त्यांच्याकडूनच शोधून घ्या.

त्यानंतर 10 नंबर, त्याला विश्वकर्मा किंवा सुतार लेणं म्हणतात. छताला लाकडाच्या वाशांसारख्या दगडी कमानी आहेत. आत हळू आवाजात बोललं तरी आवाज घुमतो. मग 12 नंबर, तीन मजली, तीन ताल. पायऱ्या उंच आहेत, सासूबाईंनी खाली बसावं आणि सोबत कुणीतरी थांबावं. जैन लेणी उत्तरेच्या टोकाला आहेत. 32 नंबरची इंद्रसभा फार सुंदर आहे, पण चालणं जास्त आहे. पाय असतील तरच जा.

घृष्णेश्वर लेण्यांपासून साधारण किलोमीटरभर आहे. आजचं लाल दगडातलं देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधवलं. त्याआधी वेरूळचेच मालोजीराजे भोसले, म्हणजे शिवाजी महाराजांचे आजोबा, यांनी त्याचा जीर्णोद्धार केला होता. मुलींना हे आवर्जून सांगा: दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी एका विधवा बाईने राज्याचा कारभार सांभाळला, हिशोब चोख ठेवला आणि देशभर घाट, विहिरी, देवळं बांधली. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. म्हणून एकाने बाहेर थांबायचं, मग अदलाबदल करायची.

लेण्यांच्या आत जेवायला बसू नका. माकडं असतात, पिशवी उघडी ठेवू नका. कड्याला आग्या मोहोळ असू शकतं, धूर किंवा दगडफेक करू नका. भिंतीवर नाव कोरणं हा गुन्हा आहे, लेकरांना आधीच बजावा.

पायरी 8: घरची कामं वाटा, नाहीतर ती सहल तुमची नाही

आता सगळ्यात अवघड पायरी. सहलीच्या दिवशी घरची बाई पहाटे तीनला उठते, पाच जणांचं जेवण करते, झाडलोट, जनावरं, पाणी भरणं आवरून सगळ्यांत शेवटी तयार होते. दिवसभर वाढते, पिशव्या उचलते. रात्री घरी आल्यावर बाकीचे आडवे होतात आणि ती चूल पेटवते, डबे घासते. सगळ्यांची सहल होते, तिची दुप्पट पाळी होते.

त्यावर उपाय आहेत, आणि ते फुकट आहेत.

एक, टिकणारं जेवण न्या. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, चिवडा. धपाट्याचं पीठ रात्री मुलगी मळेल, चटणी सासूबाई कुटतील. ताट-वाटी नको. धपाटा हातावर घेऊन खाता येतो, घासायला काही उरत नाही.

दोन, रात्रीचं जेवण आधीच ठरवा. खिचडीचे तांदूळ-डाळ निवडून, मोजून डब्यात काढून ठेवा. खिचडी लावायचं काम मालकांचं किंवा मुलीचं. हे सहलीच्या आधी, हसत-खेळत, सगळ्यांसमोर ठरवा. रात्री दमल्यावर ठरवायला गेलं की भांडण होतं.

तीन, जनावरांची सावड करा. पेरणीला आपण सावड करतो, मग सहलीला का नाही? आज तुम्ही आमच्या गाई-शेळ्यांना चारा-पाणी करा, संध्याकाळचं दूध काढा, पुढच्या महिन्यात तुम्ही जाल तेव्हा आम्ही करू. गटातल्या दोन-दोन घरांनी अशी जोडी लावली तर "जनावरं कोण बघणार" हे कारणच उरत नाही.

चार, पैसे तुमच्या हातात ठेवा. चार छोट्या पिशव्या किंवा पाकिटं करा: प्रवास, तिकीट, खाणं-खेळणं, अडीअडचण. ज्या पाकिटातले संपले त्यातला खर्च संपला. परतीच्या प्रवासाचं पाकीट वेगळंच बांधून ठेवा, ते दुपारी उघडायचं नाही.

निघण्याआधीची यादी

पिण्याचं पाणी, माणशी दोन बाटल्या. टोप्या, रुमाल. सासूबाईंच्या गोळ्या. ओआरएसची पुडी, पट्टी, हळद. लेकरांचा एकेक जादा कपडा. सॅनिटरी पॅड. कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. आधार कार्डं. लेकराच्या हातावर पेनने दोन मोबाईल नंबर लिहा, एक तुमचा, एक गावातल्या माणसाचा. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ती जागा उतरल्याबरोबर ठरवा, जसं की तिकीट खिडकी. 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर, 108 रुग्णवाहिकेचा, 1098 लेकरांच्या मदतीचा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्यावर लगेच विचारून घ्या आणि तिच्या आधीच्या गाडीने निघा.

बैठकीत करायचा अभ्यास

1. प्रत्येकीने आपल्या घराचं सहलीचं अंदाजपत्रक वहीत लिहावं. वरच्याच ओळी, आकडे आपले. लिहिता न येणाऱ्या ताईचं शेजारणीने लिहावं.

2. एकूण रकमेला आठवड्यांनी भागा. आठवड्याला किती पडतात? ते कुठून काढता येतील, दूध, अंडी, शिलाई की किराणा?

3. गटात सहल निधी सुरू करायचा का? करायचा असेल तर ठरावात कोणते तीन नियम लिहाल?

4. सावडीच्या जोड्या लावा. कोण कुणाची जनावरं सांभाळेल?

5. ज्या ताईच्या घरी सोबत यायला कुणी नाही, जी एकटी आहे, तिला कोणत्या कुटुंबाने सोबत न्यायचं, ते आजच ठरवा. तिने हात वर करायची वाट बघू नका.

6. पहिल्या पायरीतल्या प्रश्नाचं तुमचं स्वतःचं उत्तर गटात मोठ्याने सांगा: त्या दिवशी तुमची कोणती एक गोष्ट व्हायलाच पाहिजे?

सहल करून आलात की खर्चाची बाजू अंदाजाच्या शेजारी लिहा आणि फरक काढा. कुठे जास्त गेले, कुठे उरले, ते बैठकीत सांगा. तुमच्या त्या एका पानावरून पुढच्या ताईची सहल आणखी शंभर रुपयांनी स्वस्त आणि एका तासाने निवांत होईल.